दारूचे पाच हजार, तोफांचे पाच हजार : ‘मेजर बार्बरा’ समजून घेताना

लंडनच्या पूर्वेला वेस्ट हॅम ही कामगारांची गरीब वस्ती. जानेवारी महिना, हाडं गोठवणारी थंडी. मुक्तिफौज या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या अन्नछत्राच्या अंगणात बिल वॉकर नावाचा एक दांडगट तिथल्या ड्रमवर सोन्याचं नाणं टाकतो. एक पौंड. त्याच दिवशी त्याने इथल्या जेनी हिल या कोवळ्या पोरीच्या तोंडावर ठोसा मारलेला असतो. आता त्याला ते मिटवायचं आहे आणि त्यासाठी त्याने चोख हिशेब केलाय. त्याच्या एका दोस्ताने गेल्या आठवड्यात होणाऱ्या बायकोला मारलं, तर त्याला पंधरा शिलिंग दंड झाला. दोस्ताचं त्या बाईशी लग्न ठरलेलं होतं, म्हणजे बिलच्या मते त्याला मारायचा हक्क तरी होता. आपला जेनीवर तसा काहीच हक्क नाही, म्हणून पाच शिलिंग जास्तीचे. झाले वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड. घ्या आणि विषय संपवा.

फौजेची मेजर बार्बरा नाणं घेत नाही. ती म्हणते, फौज विकत मिळत नाही. आम्हाला तुझा आत्मा हवा आहे आणि त्याहून कमी काही आम्ही घेणार नाही.

थोड्याच वेळात याच अंगणात, याच फौजेची वरिष्ठ अधिकारी दहा हजार पौंडांची देणगी डोळ्यांत पाणी आणून स्वीकारते. त्यातले पाच हजार व्हिस्की बनवणाऱ्याचे आणि पाच हजार तोफा बनवणाऱ्याचे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘मेजर बार्बरा’ या नाटकाचा सगळा पीळ या दोन प्रसंगांच्या मधे आहे. एक पौंड का नाकारला आणि दहा हजार का घेतले, हे नीट कळलं की नाटक कळलं.

मराठी वाचकाला शॉ तसे परके नाहीत. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ त्यांच्याच ‘पिग्मॅलियन’वरून आली. पण ‘मेजर बार्बरा’ आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, आणि मला त्याची खंत वाटते. देवळांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या आणि आश्रमांच्या देणग्यांवर इतकं काही चालणाऱ्या आपल्या समाजाला हे नाटक फार जवळचं वाटायला हवं.

पहिला प्रयोग २८ नोव्हेंबर १९०५ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झाला. मुक्तिफौज म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी. विल्यम आणि कॅथरीन बूथ या जोडप्याने १८६५ साली पूर्व लंडनमधल्या गोरगरिबांत धर्मप्रचार सुरू केला, १८७८ मध्ये त्या कामाला फौजेचं नाव मिळालं. मग गणवेश आले, कॅप्टन-मेजर असे हुद्दे आले, चौकाचौकात वाजणारा बँड आला. दारू सोडा, देवाकडे या, आणि पोटात काही नसेल तर आधी पाव खा, असा त्यांचा खाक्या. १८८२ साली फौज मुंबईत उतरली. तिचे पुढारी फ्रेडरिक टकर पूर्वी इथेच ब्रिटिश सरकारचे सनदी (आयसीएस) अधिकारी होते. त्यांनी भारतीय वेश घेतला आणि फकीर सिंग हे नावही घेतलं. अहिल्यानगरचं बूथ हॉस्पिटल याच संस्थेचं.

आता नाटकातलं कुटुंब. अँड्र्यू अंडरशाफ्ट हा तोफा, टॉर्पेडो आणि पाणबुड्या बनवणारा युरोपातला बडा कारखानदार. बायको लेडी ब्रिटोमार्ट सरदार घराण्यातली, नवऱ्यापासून कित्येक वर्षं वेगळी राहते. तीन मुलं: स्टीफन, सारा आणि बार्बरा. बार्बराने श्रीमंती सोडून फौजेचा गणवेश चढवलाय. तिचा होणारा नवरा अडॉल्फस कझिन्स ग्रीक भाषेचा प्राध्यापक आहे. हे पात्र शॉ यांनी त्यांचे मित्र, ग्रीक पंडित गिल्बर्ट मरी यांच्यावरून घेतलं, आणि नाटकात येणाऱ्या ग्रीक ओळीही मरी यांच्याच भाषांतरातल्या आहेत.

पहिल्या अंकात लेडी ब्रिटोमार्ट चोवीस वर्षांच्या स्टीफनला बोलावून सांगते की मुलींची लग्नं होताहेत, पैसे लागतील आणि ते तुझ्या वडिलांकडून घ्यावे लागतील. स्टीफनला ते नको असतं, मारणाऱ्या तोफांचा पैसा आपल्याला नको. तेव्हा आई त्याला जे सांगते त्याने त्याच्या पायाखालची जमीन सरकते. हे घर, हे कपडे, तुझं शिक्षण, सगळं आजवर त्यांच्याच पैशावर चाललंय. घ्यायचे की नाही हा प्रश्नच नाही, किती घ्यायचे एवढाच आहे. पुढच्या दोन अंकांत मोठ्या प्रमाणावर जे घडणार आहे ते इथे दिवाणखान्यात लहान प्रमाणात घडून जातं.

मग बाप घरी येतो. बापलेकीला एकमेकांबद्दल कुतूहल वाटतं आणि दोघांत एक करार होतो: तुम्ही माझं अन्नछत्र बघा, मी तुमचा कारखाना बघते. बार्बरा म्हणते, सांभाळा, फौजेपायी तुम्ही तोफा सोडाल. बाप विचारतो, तोफांपायी तू फौज सोडणार नाहीस ना?

दुसरा अंक वेस्ट हॅमच्या अंगणात घडतो. जगातल्या उत्तम नाट्यलेखनाचा हा नमुना आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबू या.

पडदा उघडतो तेव्हा रमी मिचेन्स ही बाई आणि स्नॉबी प्राइस हा हुशार, कामचुकार माणूस पाव खात गप्पा मारताहेत. दोघंही फौजेच्या सभेत उभं राहून आपल्या पापांची कबुली देणारे. पण त्यांची पापं बनावट आहेत. स्नॉबी सांगतो की मी आईला मारायचो. प्रत्यक्षात आईच त्याला बडवत आली आहे. रमी चारचौघींसारखी सरळ बाई, पण तसं सांगायची सोय नाही. तिचं म्हणणं असं, की आम्ही इतरांइतक्याच चांगल्या आहोत असं कळलं तर फौजेला आमच्यासाठी पैसे कोण देणार? शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शॉ यांनी हे पकडलं: दान मिळवायला दुःख विकावं लागतं, आणि ते जितकं भडक तितका भाव जास्त. देणगीच्या आवाहनांवर लावलेले लहान मुलांचे केविलवाणे फोटो आपण रोज पाहतो. त्या फोटोतल्या मुलाला रमीसारखंच एक ठरलेलं सोंग दिलेलं असतं.

यांच्याच शेजारी पीटर शर्ली बसलाय. सेहेचाळीस वर्षांचा, केस पिकले म्हणून कामावरून काढलेला. तो देव मानत नाही, दारू पीत नाही, आयुष्यात फुकटचं काही खाल्लं नाही. भुकेने कोसळायला आलाय तरी दिलेला पाव त्याच्या घशाखाली उतरत नाही. हातात पैसे आले की परत करीन, असं तो सांगतो. नाटकात सर्वांत जास्त अपमान याच माणसाच्या वाट्याला येतो, आणि तोही सगळे त्याच्याशी प्रेमाने वागत असताना.

बिल वॉकर येतो तो आपली मैत्रीण फौजेने ‘पळवली’ म्हणून भांडायला. बार्बरा त्याच्यावर ओरडत नाही, पोलिसात द्यायची धमकी देत नाही. ती शांतपणे त्याच्या मनात काटा रुतवत राहते. त्याला शिक्षा हवी असते, म्हणजे सुटका होईल. म्हणून तो कॅनिंग टाउनला जाऊन टॉजर फेअरमाइल या पैलवानाच्या डोळ्यात थुंकतो, मार मिळावा म्हणून. पैलवान आता फौजेत आहे. तो बिलला खाली पाडून त्याच्यावर गुडघे रोवतो आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो. मार मिळाला नाही, म्हणून बिल परत येऊन पौंड पुढे करतो. अंडरशाफ्ट हे सगळं बघतोय. तो म्हणतो, मी वर नव्व्याण्णव घालतो, पुरते शंभर करून टाक. बार्बरा त्याला सुनावते की इतकी उधळपट्टी नको. बिलने चांदीची वीस नाणी देऊ केलीत, तुम्ही आणखी दहा दिलीत की विकाऊ माणसाचा ठरलेला भाव पुरा होतो.

तीस नाण्यांचा हा संदर्भ बायबलमधला. यहूदाने येशूला पकडून दिलं ते तीस रुप्यांसाठी. पुढे पस्तावून त्याने ती मंदिरात फेकली. पुरोहितांनी ती खजिन्यात टाकली नाहीत, कारण ती रक्ताची किंमत होती. पण फेकूनही दिली नाहीत. त्यांतून कुंभाराचं शेत विकत घेतलं, परक्या लोकांना पुरण्यासाठी. कलंकित पैशातून धर्मादाय काम, याची मत्तयाच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट दोन हजार वर्षांची आहे.

एवढ्यात फौजेच्या वरिष्ठ अधिकारी मिसेस बेन्स आनंदाची बातमी घेऊन येतात. लॉर्ड सॅक्समंडहॅम यांनी पाच हजार पौंड देऊ केलेत, अट एवढीच की आणखी पाच जणांनी हजार हजार घालून रक्कम दहा हजार करावी. हे लॉर्ड कोण? अंडरशाफ्ट लेकीला सांगतो: बॉजर. व्हिस्कीवाला बॉजर. त्याने एक कॅथेड्रल दुरुस्त करून दिलं तेव्हा त्याला एक पदवी मिळाली, पक्षाच्या निधीला पाच लाख दिले तेव्हा त्याहून मोठी मिळाली. आता देण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा हे पाच हजार बहुधा आत्मा वाचवण्यासाठी असावेत.

हे वाक्य ऐकताना बिलचा पौंड आठवायचा. बिल ठोशाचे पैसे देत होता, बॉजर हजारो संसारांच्या धूळधाणीचे देतोय. दोघांनाही एकच वस्तू हवी आहे. गरिबाला ती मिळाली नाही.

उरलेल्या पाच हजारांचा चेक अंडरशाफ्ट स्वतः लिहून देतो, आणि देताना काही लपवत नाही. माझ्या मालाने विधवा झालेल्या बायका, पोरकी मुलं, चिंधड्या झालेले तरुण, हे सगळं तो मिसेस बेन्सना ऐकवतो. तुमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस युद्धाच्या विरोधातला असतो, म्हणजे मी माझंच दिवाळं काढायला पैसे देतोय, असंही म्हणतो. आणि तरी तो निर्धास्त आहे. मिसेस बेन्सनीच त्याला थोड्या वेळापूर्वी १८८६ सालची आठवण करून दिली होती. तेव्हा श्रीमंतांनी भुकेल्यांकडे पाठ फिरवली आणि बेकारांनी लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या श्रीमंतांच्या क्लबांच्या काचा फोडल्या. अंडरशाफ्टने लगेच जोडलं होतं, की त्यानंतर मदतनिधी तीस हजारांवरून एकोणऐंशी हजारांवर गेला. म्हणजे हे पैसे दयेतून आले नव्हते, काचा वाचवण्यासाठी आले होते. पाव खाऊन शांत बसलेला माणूस दगड उचलत नाही. फौज पोट भरते, डोकं थंड ठेवते आणि मोबदला मागत नाही. कारखानदाराला यापेक्षा स्वस्त बंदोबस्त कुठे मिळणार?

बार्बरा गणवेशावरचा फौजेचा चांदीचा बिल्ला काढते आणि बापाच्या कॉलरला लावते. बँड वाजू लागतो, कझिन्स ड्रम घेतो, अंडरशाफ्ट ट्रॉम्बोन, आणि सगळे जल्लोषात सभेला निघतात. ती मागे राहते. बिल तिला विचारतो, आता काय भाव चाललाय मुक्तीचा? ड्रमवरचं त्याचं नाणं एव्हाना स्नॉबीने लांबवलेलं असतं.

आपल्याला मिसेस बेन्सचा राग येतो, पण त्या खोट्या नाहीत. बाहेर लोक उपाशी आहेत, पैसे आले नाहीत तर निवारे बंद करावे लागतील, ही वस्तुस्थिती आहे. त्यांच्या मते पैसा हातोहात बदलतो, वाईट हातातून चांगल्या हातात आला की देवाचा होतो. शॉ यांनी प्रस्तावनेत सांगितलंय, की मुक्तिफौज असला पैसा कधीच घेणार नाही असं काही टीकाकारांनी म्हटलं, तेव्हा फौजेच्याच माणसाने उत्तर दिलं: सैतानाने दिला तरी घेऊ, आणि त्याच्या हातून काढून देवाच्या हाती दिल्याचा आनंद मानू.

याच्या उलट भूमिकाही त्याच वर्षी जोरात मांडली जात होती, अमेरिकेत. १९०५ साली स्टँडर्ड ऑइलचे मालक जॉन डी. रॉकफेलर यांनी अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशन संस्थेला एक लाख डॉलर दिले. आदल्याच वर्षी पत्रकार आयडा टार्बेल यांनी या कंपनीच्या दडपशाहीचा इतिहास पुस्तकरूपाने लोकांपुढे आणला होता. धर्मोपदेशक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी देणगीला जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता, की असा पैसा घेतला की संस्था देणाऱ्याची भागीदार होते आणि त्याच्या अन्यायावर बोलण्याचा तिचा अधिकार संपतो. वाद पेटला, आणि मग बाहेर आलं की पैसे बोर्डानेच मागितले होते. बोर्डाने ते ठेवले.

हा अमेरिकन बोर्ड आपल्याला अनोळखी नाही. त्याचे मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यांचं. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा त्यांची, जी पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. म्हणजे बोस्टनमध्ये ज्या तिजोरीवरून भांडण चाललं होतं, तिच्यातूनच पैसा मराठी मुलुखातल्या शाळांपर्यंत येत असे.

आणि मुंबईचं काय? सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळवली. त्या व्यापारात कापूस होता आणि माळव्याची अफूही होती. त्याच संपत्तीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे झाला, पुढे कला शाळा आली. पुण्याचं ससून रुग्णालय ज्या घराण्याच्या नावाचं आहे, त्याच्याही व्यापारात अफू होती. आज या रुग्णालयांत गावोगावहून येणाऱ्या गरीब रुग्णाला कुणी म्हणेल का, की हा पैसा कलंकित आहे, परत जा? मी तरी म्हणणार नाही. पण चीनमधल्या कँटनच्या गल्ल्यांत अफूने खंगलेल्या माणसांची नावं कुठल्याच कोनशिलेवर नाहीत, हेही मला विसरता येत नाही.

शॉ यांची भूमिका या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे आणि पहिल्यांदा ऐकताना झोंबते. ते म्हणतात, अमुक नाणी डागाळलेली आणि तमुक स्वच्छ असं वेगळं काढता येतच नाही. ज्या समाजात काहीजण कमी मजुरीवर मरेस्तोवर राबतात आणि काहीजण त्यांच्या श्रमावर जगतात, तिथे सगळा पैसा एकाच विहिरीतून येतो. तुमचा पोहरा सोन्याचा आहे म्हणून पाणी बदलत नाही. त्यांचं पहिलंच नाटक, १८९२ सालचं, हेच सांगत होतं. त्यात एक तरुण डॉक्टर झोपडपट्टीच्या भाड्यावर गबर झालेल्या होणाऱ्या सासऱ्याचे पैसे बाणेदारपणे नाकारतो, आणि मग त्याला कळतं की आपलं स्वतःचं उत्पन्न त्याच इमारतींच्या गहाणावरचं व्याज आहे. म्हणून बार्बराने बॉजरचा चेक फाडला असता तरी काही स्वच्छ झालं नसतं. अन्नछत्राला येणारी फुटकळ नाणीही अशाच कारखान्यांतून आणि अशाच गुत्त्यांतून फिरून आलेली असतात.

तुकोबांनी ‘उत्तम वेव्हारें’ धन जोडायला सांगितलं आणि आपण ते लहानपणापासून ऐकत आलो. शॉ यांचं दुखणं असं, की व्यवस्थाच वाकडी असेल तर एकट्यादुकट्याने व्यवहार उत्तम ठेवायचा कसा? मग शिव्या पैशाला घालायच्या की गरिबीला? प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहिलंय की सर्वांत मोठं पाप आणि सर्वांत वाईट गुन्हा म्हणजे गरिबी.

तिसऱ्या अंकात अंडरशाफ्ट लेकीला कारखान्याची वसाहत दाखवतो. नरक बघायच्या तयारीने गेलेल्या मंडळींना स्वच्छ, सुंदर गाव दिसतं: घरं, शाळा, ग्रंथालय, शुश्रूषागृह, पेन्शन, विमा. इथे अंडरशाफ्टचं म्हणणं पुढे येतं आणि ते फार ताकदीचं आहे. माणसाला जखडणारी सात पापं तो मोजतो: अन्न, वस्त्र, सरपण, भाडं, कर, प्रतिष्ठा आणि मुलंबाळं. ही ओझी उतरल्याशिवाय आत्मा वर उठत नाही, आणि ती पैशानेच उतरतात. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात पाव घेऊन उपाशी माणसाला धर्म शिकवणं फार सोपं आहे, असं तो लेकीला ऐकवतो; याच अटीवर मी सगळं वेस्ट हॅम मुसलमान करून दाखवीन. आणि बिल? त्याला मी आठवड्याला अडतीस शिलिंग, चांगल्या रस्त्यावर नीटसं घर आणि कायमची नोकरी देतो, बघ वर्षभरात तो कसा सभ्य होतो.

याला उत्तर देणं अवघड आहे. फुकटच्या पावापुढे मान खाली घालणारा पीटर शर्ली आठवा. त्याला प्रवचन नको होतं आणि पावही नको होता, काम हवं होतं.

तरीही अंडरशाफ्टला शॉ यांनी जास्तच मोकळं रान दिलं, असं माझं ठाम मत आहे. त्याची चूक कुठे आहे ते शॉ यांनी स्वतःच दाखवलंय, फक्त तिथे थांबले नाहीत. वसाहतीत अंडरशाफ्ट हातात तार घेऊन येतो: मांचुरियातून, म्हणजे रशिया-जपान युद्धाच्या आघाडीवरून, आनंदाची बातमी. पुन्हा जपान जिंकलं का, असं स्टीफन विचारतो. ते मला ठाऊक नाही, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्या नव्या हवाई युद्धनौकेने पहिल्याच फटक्यात तीनशे सैनिकांसकट एक किल्ला उडवला. नकली सैनिक ना, असं कझिन्स विचारतो, कारण तिथे चाचणीसाठी वापरलेले पेंढ्याचे सैनिक पडलेले असतात. नाही, खरे, असं म्हणत अंडरशाफ्ट वाटेतला एक पेंढ्याचा सैनिक लाथेने बाजूला सारतो.

वसाहतीतली गरिबी हटली ती अशी. ती मेली नाही, मांचुरियाला पाठवली गेली, आणि तिकडे ती प्रेतांच्या रूपात आहे. वेस्ट हॅमच्या भुकेल्यांना नाटकात तोंड आहे, भाषा आहे. त्या तीनशे जणांना एकही वाक्य नाही. गरिबी हा सर्वांत मोठा गुन्हा असेल, पण मेलेल्या माणसाला पेन्शन देता येत नाही.

प्रयोगानंतर नऊ वर्षांनी महायुद्ध पेटलं. आणि १९ जानेवारी १९१७ रोजी त्याच वेस्ट हॅममध्ये, सिल्व्हरटाउन भागात, युद्धासाठी टीएनटी हे स्फोटक शुद्ध करणारा कारखाना भर वस्तीत उडाला. सुमारे पन्नास टन स्फोटकं होती. ७३ माणसं मेली, शेकडो जखमी झाली, हजारो घरं मोडली. नाटकातला दारूगोळा देखण्या टेकड्यांवर बनतो. खऱ्या लंडनमध्ये तो शर्ली आणि बिलच्या शेजारी बनत होता.

नाटकाचा शेवट अनेकांना पटत नाही. अंडरशाफ्ट घराण्याची रीत अशी, की कारखाना पोटच्या मुलाला न देता टाकून दिलेल्या पोराला द्यायचा. कझिन्सच्या आईवडिलांचं लग्न ऑस्ट्रेलियात कायदेशीर, पण इंग्लंडमध्ये बेकायदा, कारण आई ही वडिलांच्या मृत पत्नीची बहीण. या तांत्रिक आधारावर तो वारस ठरतो आणि कारखाना घ्यायला तयार होतो. बार्बरा त्याला सोडून जात नाही. बॉजर आणि अंडरशाफ्टकडे पाठ फिरवणं म्हणजे आयुष्याकडेच पाठ फिरवणं, असं तिला आता वाटतं. वेस्ट हॅममध्ये ती पावाची लाच देऊन माणसं गोळा करत होती. इथे पोटभर जेवलेली, भांडखोर, स्वतःवर खूष असलेली माणसं आहेत. यांना पाव दाखवून बोलावता येणार नाही, स्वर्गाचं आमिषही चालणार नाही. त्यांच्यातलं कुणी देवाकडे वळलं तर ते खरं वळणं असेल, आणि हे काम तिला हवं आहे.

ती हरली की मोठी झाली? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय. मला वाटतं, पैशाच्या प्रश्नावर ती हरली. तिच्याकडे बापाला उत्तर नाही. पण दुसऱ्या अंकात तिला जे दिसलं ते ती विसरलेली नाही. दाता पैसे देताना काय विकत घेतो, हे तिला कळलंय. संस्था चालवणाऱ्यांनी या नाटकातून एवढं तरी घ्यावं. आज आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, करसवलतीची पावती देणाऱ्या हजारो संस्था आहेत, आणि पैसा येतो तो सगळीकडून येतो. त्याचं मूळ गाठत बसलं तर एकही शाळा चालणार नाही, हे शॉ यांनी पटवून दिलंय. पण नदी नासवणाऱ्या कारखान्याची देणगी घेतल्यावर नदीकाठच्या शाळेतल्या मास्तरांना नदीबद्दल मुलांशी मोकळेपणाने बोलता येतं का, हे तपासता येतं. बोलता येत असेल तर तो पैसा आहे. येत नसेल तर ती बॉजरने केलेली खरेदी आहे.

वाचायचं असेल तर मूळ इंग्रजी नाटक इंटरनेटवर मोफत मिळतं. शॉ १९५० साली गेले, त्यामुळे भारतात त्याचा प्रताधिकार कधीच संपलाय. लांबलचक प्रस्तावना आधी वाचू नका, ती नाटकाचा निकाल आधीच सांगून टाकते. गॅब्रिएल पास्कल यांचा १९४१ सालचा चित्रपट, वेंडी हिलर यांच्या बार्बरासाठी, नाटकानंतर पाहा. आणि दुसरा अंक शक्यतो दोघातिघांनी मिळून मोठ्याने वाचा. बिलचे संवाद शॉ यांनी पूर्व लंडनच्या बोलीत, उच्चाराबरहुकूम लिहिलेत. कागदावर ते अगम्य दिसतात, तोंडाने म्हटले की लगेच उलगडतात.